पानाचं गाव

गेल्या वर्षी शांघायहून परतलेल्या एका सहकाऱ्याने मला चहाचा डबा दिला. तळहातात मावेल एवढा, हिरव्या पत्र्याचा. त्यावरची अक्षरं वाचता येईनात, म्हणून फोनचा कॅमेरा त्याच्यावर धरला. उत्तर आलं : हुआंगशान माओफंग. हुआंगशान हे डोंगराचं नाव. माओफंग म्हणजे लव असलेलं टोक. कोवळ्या कळीवर पांढरी लव असते आणि तिचं टोक डोंगराच्या शिखरासारखं निमुळतं असतं, म्हणून. डब्याच्या मागे गाव, तालुका आणि तोडणीचा काळसुद्धा छापलेला होता.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा तो डबा बरोबर नेला. घर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातलं गाव. आजीने डब्यातली चार पानं तळहातावर घेतली, त्यातलं एक नखाने उलगडलं. ‘कवळं हाये,’ म्हणाली. तिला पानाची पारख आहे. आयुष्यातले चाळीसेक उन्हाळे तिने तेंदूपत्ता तोडला आहे आणि उरलेल्या महिन्यांत बिड्या बांधल्या आहेत. मी तिला म्हटलं, ‘आजी, या पानावर त्याच्या डोंगराचं नाव आहे. आपल्या पानावर का नसतं?’

ती हसली. ‘पानाले कायचं नाव बापू? पानाले मोजनी रायते.’

मी डेटाबेसमध्ये काम करतो. एखाद्या नोंदीचा उगम कुठला, हा रकाना रिकामा दिसला की आम्हाला स्वस्थ बसवत नाही. तो आपोआप रिकामा राहत नाही. कोणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं की इथे काही लिहायची गरज नाही. आजीच्या उत्तरानंतर मी वाचत गेलो ते याच प्रश्नामागे. एका डोंगरातलं पान स्वतःचं गाव घेऊन जगभर फिरतं आणि दुसऱ्या डोंगरातलं पान फक्त आकडा होऊन निघतं, हे कधी ठरलं आणि कोणी ठरवलं?

डोंगराचं नाव

हुआंगशान चीनच्या आन्हुई प्रांताच्या दक्षिण टोकाला आहे. ग्रॅनाइटचे उभे सुळके, खडकातून वाकडे उगवलेले पाइन, आणि वर्षातले बरेच दिवस धुकं. सर्वांत उंच शिखर १८६४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दोनशेहून थोडं जास्त. या डोंगराच्या पायथ्याच्या मुलखाला शतकानुशतकं हुईचौ म्हणत. तिथे भाताला पुरेशी सपाट जमीन नव्हती. घरात मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याला व्यापार शिकायला परमुलखात धाडायचं, अशी तिथली रीत. त्यातून हुईचौचे व्यापारी तयार झाले. मीठ, लाकूड, सावकारी आणि चहा यांत मिंग आणि चिंग काळात त्यांचा दबदबा होता. परदेशात पैसा मिळवावा आणि गावी येऊन पांढऱ्या भिंतींचे वाडे बांधावेत, असा त्यांचा शिरस्ता.

माओफंग तसा फार जुना नाही. साधारण १८७५ च्या सुमारास श्ये चंग-आन नावाच्या तिथल्याच व्यापाऱ्याने तो बाजारात आणला. वसंतात, छिंगमिंग सणाच्या आगेमागे, एक कळी आणि तिच्या शेजारचं एकच अर्धवट उमललेलं पान खुडायचं. तापलेल्या कढईत ते परतायचं, म्हणजे पान काळं पडायचं थांबतं. मग हलकेच वळायचं आणि सुकवायचं. चांगल्या माओफंगमध्ये कळीच्या बुडाशी सोनेरी रंगाची एक छोटी पाकळीसारखी पत्ती टिकून असते. डब्यात ती शोधून दाखवली तेव्हा आजीने चष्मा मागवला.

या मुलखातल्या चहाच्या नावाला मात्र माओफंगच्याही आधीचा इतिहास आहे. हुआंगशानपासून जवळच सोंगलुओ नावाचा डोंगर आहे. कढईत परतलेल्या हिरव्या चहाची तिथली पद्धत मिंग काळात नावाजली. पुढे युरोपीय व्यापारी कँटनला चहा घेऊ लागले तेव्हा त्यांच्या हिशेबाच्या वह्यांत ‘सिंग्लो’ हे नाव आलं. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात ३४० पेट्या चहा समुद्रात फेकला गेला. त्यात साठ पेट्या या सिंग्लोच्या होत्या. फेकणाऱ्यांना तो डोंगर नकाशात दाखवता आला नसता. पण त्याचं नाव अर्धी पृथ्वी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

१८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युन नावाचा स्कॉटिश वनस्पतिज्ञ डोकं तासून, मागे खोटी वेणी लावून आणि चिनी कपडे घालून सोंगलुओला गेला. ईस्ट इंडिया कंपनीला हिमालयात चहा लावायचा होता आणि त्यासाठी रोपं, बिया आणि जाणकार माणसं हवी होती. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, ज्या डोंगराच्या नावावर एवढा चहा विकला जातो त्या डोंगरावर प्रत्यक्षात चहा फारसा उरलेलाच नाही. तो आसपासच्या खालच्या टेकड्यांवर होतो. दोन, परदेशात जाणारा चहा आणखी हिरवा दिसावा म्हणून कामगार त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळत आहेत. म्हणजे नाव हे काही शुद्धतेचं प्रमाणपत्र नव्हतं. नावात भेसळ होती, फुगवटा होता. तरीही ते नाव त्या मुलखाचं होतं आणि त्या मुलखातल्या व्यापाऱ्यांनी टिकवलेलं होतं. गिऱ्हाईक ते नाव मागत असे, म्हणून पैशाला त्या दिशेने जावंच लागे.

फॉर्च्युनने काचेच्या बंद पेट्यांतून हजारो रोपं भारतात पाठवली. १८५१ मध्ये तो चिनी कारागिरांनाही घेऊन आला. चिनी जातीची झुडपं दार्जिलिंगच्या थंडीत रुजली. आसामात मात्र तिथलंच, मोठ्या पानाचं, सिंगफो लोकांना आधीपासून माहीत असलेलं झाड जिंकलं. विसावं शतक उजाडेपर्यंत इंग्रजांच्या कपात चिनी चहापेक्षा भारतीय चहा जास्त होता. इथून ही गोष्ट आमच्या बाजूला वळते.

१८९९ : एकाच दुष्काळातून निघालेल्या दोन वाटा

आसामच्या मळ्यांना माणसं हवी होती. स्थानिक लोक मळ्यावर यायला तयार नव्हते, म्हणून ती छोटा नागपूर, ओडिशा आणि मध्य प्रांतातून नेली गेली. तेव्हाचा भंडारा जिल्हा, ज्यातून १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला, याच मध्य प्रांतात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ या प्रांतावर पडले. उपाशी माणसाकडून करार करून घेणं सोपं असतं. आणि एकदा करार झाला की मळा सोडून जाणं हा गुन्हा ठरत असे. आजही आसामच्या चहामळ्यांतल्या वस्त्यांमध्ये गोंड आहेत. अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी चहामळ्यांतल्या या समाजांची मागणी तिथे अनेक दशकं चालू आहे. इथे सालेकसाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंडांची जत्रा भरते, हजारो लोक गुहेपर्यंत चढून जातात. त्यांच्याच नात्यागोत्यातले काही जण दीड हजार किलोमीटरवर चहा खुडत राहिले.

त्याच १८९९ च्या दुष्काळाला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. त्याने खेडा भागातली पाटीदार कुटुंबं घराबाहेर काढली. त्यांतली काही मध्य प्रांतात रेल्वेच्या कामावर आली. गुजरातेत तेव्हा बिडी आपट्याच्या पानात वळत. इथे जंगलात त्यांना तेंदू दिसला. मोहनलाल आणि हरगोविंददास यांनी १९०२ मध्ये जबलपूरला बिडीचा कारखाना काढला आणि तेंदूच्या पानातली बिडी धंदा म्हणून उभी राहिली.

एकाच दुष्काळाने माणसं इथून चहाच्या पानाकडे नेली आणि तेंदूच्या पानाकडे माणसं इथे आणली. दोन्ही वाटा रेल्वेच्या होत्या. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी गाडी १८८० च्या दशकात गोंदियातून धावू लागली होती. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि कलकत्त्याला जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरची छोटी गाडी सुरू झाली. गोंदिया जंक्शन झालं आणि चारही बाजूंच्या जंगलाचा माल तिथे उतरू लागला. लाख, डिंक, मोह, हिरडा, तेंदू. गावाचं नाव गोंद म्हणजे डिंकावरून पडलं की गोंड लोकांवरून, यावर आमच्याकडे अजून वाद घालतात. मला दोन्ही उत्तरं आवडतात. एकात जंगलातला माल आहे, दुसऱ्यात तो आणणारी माणसं.

सत्तर पानांचा पुडा

तेंदूला मराठीत टेंभुर्णी म्हणतात. महाराष्ट्रात टेंभुर्णी नावाची कितीतरी गावं आहेत. झाडाने गावांना नाव दिलं. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. आबनूस याच वंशातला, आणि चीनमध्ये हौसेने खातात ते नारिंगी परसिमॉनचं फळही. तेंदूचं पिवळं फळ आम्ही लहानपणी खाल्लं आहे. गोड, थोडं तुरट, ओठांना चिकटणारं.

बिडीसाठी मोठ्या झाडाची पानं चालत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटतात, त्याला बेणकटाई म्हणतात. त्यानंतर साधारण दीड महिन्याने बुंध्यातून आणि मुळांतून नवे फुटवे येतात, त्यांची पानं मऊ असतात, शिरा बारीक असतात, वळताना तडकत नाहीत. चहाची छाटणी आणि ही छाटणी यांमागचं तत्त्व एकच : झुडपाला उंच होऊ द्यायचं नाही, सतत कोवळं ठेवायचं. काही ठिकाणी कोवळी पालवी लवकर यावी म्हणून जंगलाला आग लावतात आणि मग ती आटोक्यात राहत नाही.

तोडणी एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात. आजी, आई आणि मोठी आत्या पहाटे चारला निघायच्या. उजाडेपर्यंत जंगल गाठायचं, ऊन चढायच्या आत ओटीभर, लुगडंभर पानं घेऊन परतायचं. अस्वल आणि वाघ या दोघांची भीती कायम. दर हंगामात कुठून ना कुठून बातमी येतेच. दुपारी ओसरीवर घरातली सगळी माणसं पुडे बांधायला बसायची. मीसुद्धा. सत्तर पानं एकावर एक रचायची, देठ एका बाजूला, आणि सालीच्या दोरीने बांधायची. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये पुडा पन्नासाचा, आपल्याकडे सत्तरचा. असे एक हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी : सत्तर हजार पानं. मी पाढे शाळेत शिकलो, पण सत्तरपर्यंत न चुकता मोजायला तिथे शिकलो.

संध्याकाळी पुडे फळीवर न्यायचे. फळी म्हणजे गावाबाहेरचं संकलन केंद्र, मोकळं मैदान. तिथला मुन्शी मोजून घेई, पुड्यातली फाटकी, किडकी पानं पाहून नाक मुरडी, कार्डावर आकडा लिही. पुडे रांगेत उन्हात मांडले जात, काही दिवसांनी उलटवले जात. नीट वाळले की थोडं पाणी मारून नरम करायचे आणि पोत्यांत भरायचे. पोतं शिवलं की त्यातलं पान कोणाच्या रानातलं हे कायमचं बुजलं.

पण ते सगळ्यांसाठी बुजलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपज व्यापाराचं नियमन करणारा कायदा केला आणि तेंदूचा व्यापार सरकारच्या हाती आला; मध्य प्रदेशने हेच १९६४ मध्ये केलं होतं. त्याआधी पान मालगुजाराचं होतं. १९५० नंतर मालगुजारी गेली तेव्हा ही जंगलं सरकारकडे आली. नव्या व्यवस्थेत जंगलाचे भाग पाडले, त्यांना युनिट म्हणतात. युनिटनिहाय निविदा निघू लागल्या. ठेकेदार निविदा भरताना डोळे मिटून भरत नाही. कुठल्या युनिटचं पान पातळ, कुठलं जाड, कुठे डाग पडतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याप्रमाणे तो दर देतो. पानाला गाव होतं. ते निविदेच्या कागदात होतं, युनिटच्या नावात होतं. ते आमच्यापर्यंत आलं नाही आणि बिडी ओढणाऱ्यापर्यंतही गेलं नाही, एवढंच.

आणि एक शब्द. तेंदूच्या मोबदल्याला मजुरी म्हणत. किंमत नाही. नंतर नफ्यातला वाटा मिळू लागला तेव्हा त्याला बोनस म्हटलं गेलं. मजुरी आणि बोनस हे नोकराला मिळतात. पान आपलं असतं तर त्याची किंमत आली असती. आजी म्हणाली पानाला मोजणी असते, ती याच व्यवस्थेचं अचूक वर्णन करत होती. जिथे माल तुमचा नसतो तिथे तुमचं काम फक्त मोजलं जातं.

हजारी

बिडीचंही तसंच. पावसाळा लागला की गावात तंबाखू आणि वाळलेलं पान वाटलं जाई. पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोकं मुडपायची, दोरा गुंडाळायचा. पंचवीसचा कट्टा. हिशेब हजारावर, म्हणून त्याला हजारी म्हणत. वजनात कमी तंबाखू देणारा आणि बांधलेल्यातून भरमसाट ‘छाट’ काढणारा मधला माणूस आजीच्या आठवणीत अजून आहे. छाटलेल्या बिड्यांचे पैसे मिळत नसत. बिड्या मात्र परत मिळत नसत.

या मोजणीविरुद्ध उभी राहिलेली माणसं विदर्भातच झाली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना आपण ‘जय भीम’ या अभिवादनामुळे ओळखतो. १९३० च्या दशकात त्यांनी मध्य प्रांतातल्या बिडी कामगारांची संघटना बांधली, ती आमच्या भंडाऱ्यापर्यंत आली. मधला ठेकेदार वगळून कामगारांनी स्वतः बिडी विकावी, असा त्यांचा आग्रह होता. १९३९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. बिडी कामगारांसाठीचा कायदा आला १९६६ मध्ये, आणि कल्याण निधीचा १९७६ मध्ये. आजीकडे बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे. माझ्या वडिलांना शाळेत असताना त्यावर शिष्यवृत्ती मिळाली होती.

बिडीच्या पैशाने गोंदियात बरंच काही उभं केलं. बिडी व्यवसायातल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. जिल्ह्यातल्या किती घरांतले पहिले पदवीधर तिच्या महाविद्यालयांतून बाहेर पडले, हे आमच्या बसमध्ये कोणालाही विचारावं. हे मी कृतज्ञतेने लिहितो. पण त्याबरोबर हेही लिहायला हवं की बिडीच्या कट्ट्यावर नेहमी मालकाचं नाव आणि चित्र असे; कधी माणसाचा चेहरा, कधी प्राणी, कधी आकडा. हुईचौचा व्यापारी आपल्याच डोंगराचा होता, म्हणून त्याने मालाला डोंगराचं नाव दिलं. आमच्याकडे व्यापारी दुष्काळातून आलेला पाहुणा होता. हे जंगल त्याचं गाव नव्हतं. त्याने आपलं नाव दिलं, यात त्याचा दोष काढण्यासारखं काही नाही. पण त्या जागेवर एकदा एक नाव बसलं की दुसऱ्याला जागा उरत नाही.

आणखी एक कारण आहे, ते टाळता येत नाही. चहाचं पान जिभेला लागतं. तेंदूचं पान जळतं. जळायच्या वस्तूचं गाव कोण विचारतो? माझे आजोबा दिवसाला दोन कट्टे ओढत. शेवटची चार वर्षं ते भिंतीला उशी लावून बसूनच झोपले, आडवं झालं की श्वास अडकायचा. बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज खोटा आहे. ती विझू नये म्हणून जोरात आणि वारंवार ओढावी लागते. त्यामुळे या पानाचा अभिमान बाळगताना माझा हात अडखळतो. माझ्या शिक्षणात या पानाचे पैसे आहेत आणि आजोबांच्या छातीत या पानाचा धूर होता. दोन्ही नोंदी एकाच खात्यावर आहेत.

मालकीचा शब्द

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे. बांबू, मध, मेण, लाख अशा यादीत तेंदूपत्त्याचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. आणि त्यावर जंगलात राहणाऱ्यांना कोणता हक्क आहे, तर मालकीचा. १९६९ च्या कायद्यात जे मजूर होते ते या कायद्यात मालक झाले, निदान कागदावर. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला. २०१३ च्या हंगामात गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी ठरवलं की आपला तेंदूपत्ताही आपणच लिलावात काढायचा. नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेने त्यांना मदत केली. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा कायद्याचा आधार इथे नव्हता. जे काही केलं ते वनहक्काच्या बळावर.

लिलाव म्हणजे काय करावं लागतं? जाहिरात द्यायची, व्यापाऱ्यांना बोलवायचं, अटी लिहायच्या, अनामत घ्यायची, गावाचं बँक खातं काढायचं, वाहतुकीचा परवाना स्वतःच्या शिक्क्याने द्यायचा. त्या शिक्क्यावर ग्रामसभेचं नाव असतं. पानाच्या पोत्याबरोबर गावाचं नाव लिहिलेला कागद गावाने स्वतः दिला, हे या जंगलात तेव्हा नवीन होतं. सगळं सुरळीत झालं असं नाही. काही ठिकाणी व्यापाऱ्यांनी संगनमताने दर पाडले, काही ठिकाणी पैसे उशिरा आले, काही ग्रामसभा पुन्हा जुन्या पद्धतीकडे गेल्या. बाजार पडला की त्याचा फटकाही आता गावालाच बसतो. मालकीत तोही भाग असतो.

नावाने सगळं सुटतं, असंही मी म्हणणार नाही. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेली पहिली वस्तू म्हणजे दार्जिलिंग चहा. ते नाव जगात गाजतं आणि त्याच मळ्यांतल्या बायका मजुरी वाढावी म्हणून संप करतात. कारण नाव खुडणाऱ्या बोटांचं नाही. आमच्या शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये मानांकन मिळालं. तो तांदूळ शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधीत होतो, म्हणून तिथे नावाचा फायदा घरापर्यंत येण्याची शक्यता तरी आहे. हुआंगशानलाही मधली काही दशकं सरकारच एकमेव खरेदीदार होतं. १९८० च्या दशकात व्यापार मोकळा झाला, तेव्हा जुनी दुकानं आणि जुनी नावं पुन्हा वर आली. १९८७ मध्ये तर सरकारने हुईचौ हे मुलखाचं नाव बदलून हुआंगशान केलं, पर्यटक डोंगराला ओळखतात म्हणून. व्यापाऱ्यांच्या हुईचौचं नाव नकाशात मागे पडलं, याचं तिथल्या अनेकांना अजून वाईट वाटतं. नावंही कोणीतरी कोणासाठी तरी ठेवतं.

म्हणून माझ्या प्रश्नाचं मला मिळालेलं उत्तर असं : पानाला गाव नसतं असं कधीच नव्हतं. ज्याची मालकी, त्याला ते गाव ठाऊक होतं. मालगुजाराला होतं, सरकारला होतं, ठेकेदाराला होतं. फक्त तोडणाऱ्याला ते सांगायचा किंवा लिहायचा अधिकार नव्हता. आधी मालकी, मग नाव. उलट क्रमाने मिळालेलं नाव डब्यावरच राहतं.

आता बिडी ओढणारे कमी होत आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण दर मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या बायका अजूनही पहाटे निघतात, कारण धान निघाल्यावर पुढचा पाऊस येईपर्यंत हातात पैसा देणारं हे एकच पीक आहे. एका हातातली विडी सुटावी आणि दुसऱ्या हातातलं पान जाऊ नये, हे कसं जमेल याचा विचार आमच्या जिल्ह्याने अजून सुरू केलेला नाही.

त्या दिवाळीत मी आजीला तो चहा करून दिला. दूध नाही, साखर नाही, काचेच्या ग्लासात गरम पाणी आणि वर तरंगणारी पानं. ती बराच वेळ पानं खाली बसताना पाहत राहिली. एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘दूध टाक याच्यात,’ म्हणाली. मी टाकलं. मग साखर टाकली. ग्लास संपवून तिने तळाची पानं बोटाने काढली, ताटलीच्या कडेला एकाशेजारी एक मांडली, आणि सवयीने मोजली. चौदा भरली.

‘कुठचं म्हनलं हे?’ तिने विचारलं.

मी डोंगराचं नाव पुन्हा सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग तिने आमच्या जंगलातल्या तिच्या तोडणीच्या जागांची नावं सांगायला सुरुवात केली. डोहाजवळची, तुटक्या पाटाजवळची, दोन मोहांच्या मधली, अस्वलाच्या गुहेखालची. कुठलं पान पातळ, कुठलं लवकर वाळतं, कुठल्या पानाला मुन्शी कधी नाव ठेवत नसे. मी फोन काढला आणि लिहून घेऊ लागलो. बावीस नावं झाली तेव्हा लाइट गेली. ती अंधारातच पुढे सांगत राहिली.